दोन चौपन्न

“छाया, दहा मिनिटं मागं घे.”

सालोमी सिस्टर हात पुसत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे बाळ रडत होतं, चांगलं खणखणीत, आणि मी पडद्यावरच्या ताज्या नोंदीकडे बघत होते. सारिका प्रल्हाद शेडगे. मुलगी. दोन किलो आठशे. वेळ दुपारी दोन वाजून चौपन्न मिनिटं.

“कसली दहा मिनिटं?” मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

“बाळाची वेळ. दोन चव्वेचाळीस आहे ती. मी बघितलंय.”

“इथं दोन चौपन्न पडलीय.”

“मग बदल. बदलायची किल्ली तुझ्याकडंच आहे ना?”

किल्ली म्हणजे पासवर्ड. त्याची गोष्ट आधी सांगते, म्हणजे मी अशी ताठ का बसले होते ते कळेल.

आमचं प्रसूतिगृह तालुक्याच्या गावी, डॉक्टर विनया सबनीसांचं. वीस खाटांचं. सालोमी सिस्टर तिथे तीस वर्षं बाळंतपणं करत होत्या. नगरकडच्या, ख्रिश्चन. पत्रिका, नक्षत्र यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण जाड लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात जन्मवेळ त्याच लिहायच्या, आणि कुणी सासू, कुणी आजी बाजूला घेऊन कुजबुजली की त्या आधी बाळंतिणीकडे बघायच्या. मग पाच मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “मला नक्षत्र कळत नाही गं. बाईचं तोंड कळतं.”

मग कधीतरी एका पेशंटची भानगड कोर्टात गेली. वेगळीच होती, जन्मवेळेचा संबंध नव्हता. पण समोरच्या वकिलाने ते रजिस्टर उघडून न्यायाधीशांपुढे धरलं आणि एका पानावरच्या चार खाडाखोडी मोजून दाखवल्या. डॉक्टरबाई घरी आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. महिन्याभरात लेबररूमच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर आला आणि रजिस्टर कपाटात गेलं. नियम असा, की सिस्टर “आलं” म्हणाल्या की बटण दाबायचं, वेळ मशीन आपली आपण घेणार. ती वेळ कुणालाही बदलता येणार नाही, फक्त एकीला येईल. तिनेही कारण लिहायचं, आणि जुनी वेळ पुसली न जाता खालच्या ओळीत तशीच राहणार.

ती एकटी म्हणजे मी. तालुक्यात सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आमच्यात मीच होते. बत्तीस वर्षांची होते आणि तोरा विचारू नका. मंगळसूत्र गळ्यात पडलं तेव्हा झाला नसेल एवढा आनंद मला तो पासवर्ड मिळाल्यावर झाला होता. पाच महिन्यांत मी एकही वेळ बदलली नव्हती, आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

तर त्या दुपारी मी सालोमी सिस्टरना म्हणाले, “सिस्टर, ते दिवस गेले आता.”

“अगं, मी खोटं घालायला सांगत नाही. खरी वेळ सांगतेय. माझ्या घड्याळात चव्वेचाळीस झाले होते.” त्यांनी मनगट पुढे केलं. “तू भिंतीकडं बघून बोलू नकोस. ते दहा मिनिटं पुढं आहे, ठाऊक आहे ना तुला?”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. ड्यूटी बदलायच्या वेळी बायकांनी वेळेत यावं म्हणून बाईंनीच ते पुढे करून ठेवलं होतं. आम्ही सगळ्या जणी मनातल्या मनात दहा वजा करून जगायचो.

“मी भिंतीकडे बघितलंच नाही,” मी म्हणाले. “ही वेळ कॉम्प्युटरची आहे. कॉम्प्युटर भिंतीवर टांगलेला नाही.”

त्यांना मशीनमधलं काही कळायचं नाही, हे त्याही जाणून होत्या आणि मीही. त्यांनी आवाज खाली आणला.

“बाहेर तिचा नवरा उभा आहे. ट्रक चालवतो. पाच वाजता माल घेऊन निघतोय, ते महिन्याभरानं येणार. त्यांचे गुरुजी म्हणालेत दोन पन्नासला आश्लेषा लागते. त्याच्या आत झालं तर पुष्य, उत्तम. नंतर झालं तर सत्ताविसाव्या दिवशी शांती होईपर्यंत बापानं पोरीचं तोंड बघायचं नाही. कळलं का? आज नाही बघितलं तर गेला तो महिनाभर.”

“महिन्याने बघेल की मग.”

हे मी बोलले. असंच्या असं बोलले. तेरा वर्षं झाली, पण त्यातला एक शब्द मला बदलता आलेला नाही.

“बरं बाई,” सालोमी सिस्टर म्हणाल्या आणि बाळाला दुपट्यात गुंडाळायला वळल्या.

जन्मवेळेचा कागद मीच छापला आणि मीच बाहेर नेऊन दिला. बाकावर हौसाबाई बसल्या होत्या, सारिकाची सासू. काळीसावळी, वाळकी बाई, हातात मोबाइल घट्ट धरलेला, गुरुजींचा फोन यायचा म्हणून. प्रल्हाद भिंतीला टेकून उभा होता. पंचविशी-सव्विशीचा, नवा शर्ट घातलेला. बायकोचं आधीचं एक राहिलं नव्हतं, हे दुसरं. तो हसत पुढे आला.

“मुलगी आहे,” मी म्हणाले. “दोघी बऱ्या आहेत.”

“किती वाजता झालं, बाई?” हौसाबाईंनी विचारलं.

“दोन चौपन्न.”

त्या खाली बसल्या. म्हणजे बसलेल्याच होत्या, पण आणखी खाली गेल्या. “चार मिन्टं,” एवढंच म्हणाल्या.

प्रल्हादने माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला. परत वाचला. मग आईला म्हणाला, “आई, लांबनं बघतो. दारातनं.”

“नगं रं बाबा.”

“फोटू तरी काढून देऊ दे सिस्टरना.”

“फोटू बी नगं.” त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं. “थोरल्याची पोर आश्लेषावर झाली. तुझ्या बानं दुसऱ्याच दिवशी मांडीवर घेतली, म्हनला, मी न्हाई मानत. चाळीस दिस तरी जगला का रं? आता तू बी बघ, आन् मग मी कुनाकडं बघू?”

प्रल्हाद माझ्याकडे बघून ओशाळं हसला. “महिन्याचाच सवाल हाय म्हना,” असं म्हणाला. माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं, आणि तरी मला काही वाटलं नाही. मी आत जायला वळले.

तेवढ्यात सालोमी सिस्टर बाळाला घेऊन बाहेर आल्या. हौसाबाई धडपडत उठल्या. प्रल्हादने पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, शाळेत शिक्षा केलेल्या मुलासारखा नाक भिंतीला लावून उभा राहिला.

“आजीबाई,” सालोमी सिस्टर म्हणाल्या, “बघायचं नाही, कबूल. हात लावायचा नाही असं म्हणालेत का गुरुजी?”

हौसाबाई गोंधळल्या. “तसं... तसं कायी बोलल्यालं न्हाईत.”

“मग झालं. ए बाबा, वळू नकोस. हात मागं कर. असा. पसर तळवा.”

प्रल्हादने भिंतीकडे तोंड ठेवून उजवा हात पाठीमागे केला. सिस्टरनी दुपट्यातून बाळाचा एक पाय मोकळा केला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. बाळ रडायचं थांबलं नाही. प्रल्हादची बोटं हळूहळू मिटली. ट्रकचं स्टीअरिंग धरून घट्टे पडलेला हात होता तो, त्यात टाच दिसेनाशी झाली. अंगठ्याने त्याने एकेक बोट चाचपलं, पाचही.

“थंड हाय पाय,” तो भिंतीला म्हणाला.

“सगळ्यांचे असतात. मोजे घालू.”

“अंगठा लांब हाय का वो? माज्यावानी?”

“आहे,” सिस्टर म्हणाल्या.

साडेचारला तो गेला. जाताना बायकोच्या खाटेपाशी जाऊन आला, तेवढा वेळ बाळ माझ्याकडे होतं. मी त्याला मोजे घातले.

एकोणिसाव्या दिवशी प्रल्हादचा ट्रक ओडिशातल्या कुठल्याशा घाटात दरीत गेला. माल पोचवून तो परत येत होता. आमच्याकडे बातमी आली ती सारिका टाके दाखवायला आली नाही म्हणून. निरोप घेऊन गेलेली आशा कार्यकर्ती रडतच परत आली. गावात सगळे म्हणत होते, बघा, आश्लेषा. मी त्या आठवड्यात चिडचिड करत फिरत होते, लोक कसले अडाणी आहेत, घाटातल्या वळणाला काय नक्षत्र कळतं, वगैरे. मी जेवायला बसले की सालोमी सिस्टर ताट घेऊन दुसरीकडे बसायच्या.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दवाखान्यात इंटरनेट आलं. जोडायला आलेला तरुण खुर्चीवर बसून काहीबाही करत होता आणि मी मागे उभी होते.

“मॅडम, वेळ कुणी लावली होती याची?” त्याने विचारलं.

“का?”

“दहा मिनिटं पुढं होतं मशीन. नेटला जोडल्याबरोबर आपोआप मागं आलं, बघा.”

मी बघितलं. पडद्यावर अकरा वीस. वर भिंतीवर साडेअकरा.

मशीन आलं त्या सकाळचं सगळं आठवलं. खोक्यातून काढून लावलं तेव्हा ते कुठल्या तरी भलत्याच सालची एक जानेवारी दाखवत होतं. आणणारा माणूस म्हणाला, तारीख-वेळ भरा मॅडम. सगळ्या जणी गोळा होऊन माझ्याकडे बघत होत्या. मला बटणं चुकायची नव्हती. मी मान वर केली, भिंतीवर बघितलं, आणि होती ती वेळ भरली. बसला जाताना दहा वजा करायचे, डबा खायला जाताना करायचे, दिवसातून दहादा करायचे. त्या दिवशी तेवढं राहून गेलं. आणि नंतर कुणाला कळणार कसं? मशीन आणि भिंत, दोघांचं एकमेकांशी अगदी बरोबर जुळत होतं.

म्हणजे ती पोर दोन चव्वेचाळीसलाच झाली होती.

मी बाईंकडे गेले आणि घड्याळाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “किती बाळंतपणं झाली या काळात?”

“दोनशे अकरा.”

“कुणी मागायला आलं तर त्याची वेळ दुरुस्त करून दे. आपणहून नको. कोर्टाचं तुला ठाऊक आहे. आणि दहा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय, छाया?”

शेडग्यांच्या पोरीचं मी त्यांना सांगितलं नाही. सरळ सालोमी सिस्टरकडे गेले. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी सांगितलं आणि वाट बघत उभी राहिले, आता बोलतील, आता बोलतील. चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. मी चादरींवरच बसले. “तुझी एकटीची चूक नाही. तीस वर्षं मी वेळा इकडच्या तिकडं केल्या. त्या दिवशी खरं बोलले तर तू ते खरं का म्हणून मानावंस?”

“मी आज नोंद बदलते. आणि कागद घेऊन सारिकाकडे जाते.”

त्यांचा हात थांबला. “नको.”

“नको? तुम्ही म्हणता?”

“तेव्हा बदलायची होती. आता बदलून तिला काय देणार आहेस?”

“खरं काय ते.”

“तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून ना?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा घडी घालायला लागल्या.

मी ऐकलं नाही. नाकासमोर चालणारी बाई मी, चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मला येत होतं. त्या दुपारी पासवर्ड घातला आणि पहिल्यांदाच एक वेळ बदलली. दोन चव्वेचाळीस. कारणाच्या चौकटीत लिहिलं, संगणकाचे घड्याळ पुढे होते. कागद छापला, पर्समध्ये ठेवला आणि रविवारी शेडग्यांच्या गावाला गेले.

मला वाटलं होतं सारिका माहेरी असेल, हाकलली असेल सासूने. तसं नव्हतं. अंगणात उन्हात हौसाबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायांवर नात आडवी टाकून तिला तेल चोळत होत्या. मला त्यांनी ओळखलं. “या बाई, या. सारिके, पानी दे गं, दवाखान्यातल्या बाई आल्यात.”

सारिका पाणी घेऊन ओसरीवर आली. गळा मोकळा, कपाळ मोकळं. मी तिला दाराच्या आत नेलं, कागद हातात दिला आणि जेवढं होईल तेवढं सरळ सांगितलं. माझी चूक, माझंच घड्याळ, मीच नाही म्हणाले. माफी मागितली. ती बारावी शिकलेली होती, तिने कागद नीट वाचला.

“दोन चव्वेचाळीस,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे पुष्यच होतं.”

“हो.”

“म्हणजे त्यांना बघता आलं असतं.”

मी मान हलवली.

ती रडली नाही. कागदाकडेच बघत बोलायला लागली. “रोज फोन करायचे. फोन तिच्या कानाशी धर म्हणायचे. म्हणायचे, टाच एवढीशीच हाय, माझ्या मुठीत मावती, पण अंगठा माझाच हाय. तोंड कसं असेल ते त्या पायावरनं ठरवत बसायचे. नाक माझ्यासारखं असेल म्हणायचे. न्हाई, तसं न्हाई तिचं नाक.” तिने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. “ताई, बाहेर ऐकलंत का आत्याबाईंचं? दिवसभर एकच. मी अडवला पोराला, मी अडवला. रात्री उठून बसत्यात. मग आपणच म्हणत्यात, पण काय करणार, आश्लेषाच होती ती, आपल्या हातात काय होतं. एवढं म्हटलं की मग झोपत्यात. तेवढ्यावर चाललंय त्यांचं.”

तिने कागद माझ्या पर्समध्ये परत ठेवला. स्वतःच्या हाताने चेन ओढली.

“जुनी वेळच राहू द्या,” ती म्हणाली. “मला कळलं ते बास झालं. ही मोठी झाली की इचारंल, बाबानं मला का बघितलं न्हाई. तेव्हा कायतरी सांगायला पायजे ना.”

आम्ही बाहेर आलो. हौसाबाईंनी पोरीचा पाय उचलून मला दाखवला. “बगा बाई, अंगठा. प्रल्हादचाच हाय का न्हाई?” मग त्यांचा हात त्या पायावर तसाच राहिला. “एवढं इनवलं त्यानं, दारातनं बघतो म्हनून. मी न्हाई बघू दिलं. पर काय करनार वो? येळच तशी. तुमच्या कागदावर हाय नव्हं ती येळ?”

सारिका माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता मला.

“आहे, आजी,” मी म्हणाले. “दोन चौपन्न.”

“तेच म्हंते मी,” त्या म्हणाल्या आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

सोमवारी मी पुन्हा ती नोंद उघडली आणि दोन चव्वेचाळीसचे दोन चौपन्न केले. कारण लिहिल्याशिवाय ते सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही. सालोमी सिस्टर हात धुवून माझ्या मागे आल्या होत्या, त्यांनी पडद्यावर काय आहे ते बघितलं. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि गेल्या. त्या वर्षअखेर त्या निवृत्त झाल्या.

परवा मी नव्या सिस्टरकडे पासवर्ड सोपवला. हुशार पोरगी आहे, सगळ्या जुन्या नोंदी चाळून आली. म्हणाली, “ताई, सगळ्या वर्षांत ही एकच नोंद तीन ओळींची आहे. चौपन्न, चव्वेचाळीस, परत चौपन्न. यातली खरी कुठली?”

“वरची,” मी म्हणाले. “कारण लिहिलंय बघ तिथे.”

तिने मोठ्याने वाचलं. आधीची नोंद बरोबर होती. खाली माझं नाव आहे.